पापा म्हणजे बटाटा!

बालमित्रांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. बटाट्याला तुमच्या घरी काय म्हणतात?

"बाई, हा काय प्रश्न झाला? बटाट्याला बटाटाच म्हणतात!" असंच म्हणालात ना? आमच्या चौथीच्या वर्गानंही अगदी हेच उत्तर दिलं होतं. फक्त एका मुलीनं सोडून.

मी पिंपळे गुरवला शिकवते. पिंपरी-चिंचवडमधलं, पवनेच्या काठचं हे गाव. आमच्याकडची डायनासोरची बाग पाहायला तुमच्यापैकी कुणी ना कुणी नक्की येऊन गेलं असेल. तर गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. कलबुर्गीकडची. आईबाबा बांधकामावर कामाला. घरी सगळे कानडी बोलणारे, त्यामुळे तिचं मराठी जेमतेमच. एकदा मी चित्रं दाखवून भाज्यांची नावं विचारत होते. बटाट्याचं चित्र निघालं आणि तिनं पहिल्यांदाच हात वर केला. मोठ्या आवाजात म्हणाली, "आलूगड्डे!"

झालं! सगळा वर्ग खो खो हसत सुटला. खरं सांगू? मलाही हसू आलं. मी ते ओठांत दाबलं, पण तिनं पाहिलं असावं. कारण त्यानंतर दोन महिने तिचा हात पुन्हा वर आला नाही. 'आलूगड्डे' हेच तिचं नाव पडलं. मी रागावले की वर्गात शांतता आणि मैदानावर पुन्हा तेच!

आता तुम्ही म्हणाल, या गोष्टीचा आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा काय संबंध? आहे संबंध. ऐका तर.

काका आले पेरूहून

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा कारखान्यांत यंत्रं बसवायचं काम करतात. कामासाठी ते आठ महिने पेरू देशात राहून आले. मी त्यांना म्हटलं, "एका शनिवारी वर्गावर या आणि मुलांना तिथल्या गोष्टी सांगा." ते आधी लाजले. "बाई, मी काही तिथे फिरायला गेलो नव्हतो. डबा, काम आणि झोप, एवढंच पाहिलं." मी म्हटलं, "तेच सांगा. तेच आम्हाला हवंय."

काका आले आणि त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, प्रशांत महासागराच्या काठावर पेरू. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या चौपट, पण लोकसंख्या जेमतेम साडेतीन कोटी. म्हणजे आपल्या राज्याच्या एकतृतीयांशही नाही! राजधानी लीमा. आपण खातो त्या पेरूचं झाडही मूळचं अमेरिका खंडातलंच, पण पेरू देशात पेरूला पेरू म्हणत नाहीत बरं का! तिथे त्याला 'ग्वायाबा' म्हणतात.

"आत्ता साडेसात वाजलेत ना?" काकांनी घड्याळ दाखवलं. "लीमात अजून काल रात्रीचे नऊच वाजलेत. तिथली मुलं झोपायच्या तयारीत असतील." घड्याळ साडेदहा तास मागे, आणि ऋतूही उलटे. आपल्याकडे थंडी तेव्हा तिथे उन्हाळा. नाताळ भर उन्हाळ्यात! शाळा मार्चमध्ये सुरू होते आणि डिसेंबरात संपते. पुष्कळ शाळा आपल्यासारख्याच सकाळ-दुपार दोन पाळ्यांत भरतात. शाळेच्या पटांगणात एक मोठं वर्तुळ रंगवलेलं असतं आणि त्यात 'एस' हे अक्षर. ते कशासाठी, ओळखा पाहू? खेळासाठी नाही! पेरूमध्ये भूकंप वारंवार होतात. जमीन हलायला लागली की मुलांनी धावत न सुटता रांगेनं येऊन त्या वर्तुळात उभं राहायचं. त्याचा सरावही होतो.

पाऊस नसलेलं शहर

लीमा समुद्राकाठी आहे, पण तिथे पाऊस म्हणाल तर जवळजवळ पडतच नाही. शेजारच्या समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे पावसाचे ढग तयार होत नाहीत. हिवाळ्यात मात्र महिनोन्‌महिने धुकं. आभाळ राखाडी, कपडे वाळता वाळत नाहीत, आणि तरीही नळाला पाणी येईल याची खात्री नाही. शहराच्या कडेच्या टेकड्यांवर ज्यांची घरं आहेत त्यांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात.

"टँकर तर आमच्या सोसायटीत पण येतो!" एक जण ओरडला.

"येतो ना? पण तिथल्या लोकांनी एक युक्ती केलीय," काका म्हणाले. काही टेकड्यांवर लोकांनी दोन खांबांना मोठाल्या जाळ्या बांधल्या आहेत. धुकं जाळीतून गेलं की धाग्यांवर थेंब जमतात. थेंब पन्हळीत, पन्हळीतून टाकीत. त्या पाण्यावर भाजीपाला पिकतो, धुणीभांडी होतात. धुक्यातून पाणी गाळणारी माणसं!

आपली रिक्षा, त्यांचा तोरितो

"पहिल्या दिवशी कामावरून परत येताना मला घरची आठवण आली," काका सांगत होते, "आणि समोर काय उभं? आपली रिक्षा!"

हो, खरोखर आपलीच. आकुर्डीला जिचं मुख्य कार्यालय आहे त्या बजाज कंपनीची. या रिक्षा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यात तयार होतात आणि जहाजानं परदेशी जातात. पेरूमध्ये अशा तीनचाकीला 'मोटोटॅक्सी' म्हणतात, आणि आपल्या या रिक्षेचं लाडकं नाव आहे 'तोरितो'. तोरितो म्हणजे स्पॅनिश भाषेत छोटा बैल, आपला गोऱ्हाच म्हणा ना! मीटर नाही. बसायच्या आधी भाडं ठरवायचं. "त्यात मात्र आपल्यासारखीच घासाघीस," काका म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो.

या नावाची आणखी एक गंमत आहे. पेरूच्या डोंगराळ भागात पुकारा नावाचं गाव मातीच्या बैलांसाठी प्रसिद्ध आहे. घराचं भलं व्हावं म्हणून तिथले लोक अशा दोन बैलांची जोडी छपरावर बसवतात. बैलपोळ्याला आपण मातीचे बैल आणतो, ते आठवलं की नाही? आणि बरं का, पाचशे वर्षांपूर्वी पेरूमध्ये बैल नव्हतेच. स्पॅनिश लोक जहाजांतून घेऊन आले. पाहुणा म्हणून आलेला बैल आता त्यांच्या छपरावर जाऊन बसलाय!

दोन पापांचा घोटाळा

आता येतोय बटाटा.

कारखान्याच्या जेवणघरात वाढणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी डाव उचलून काकांना विचारलं, "पापा?" काकांना वाटलं, आपल्याला मुलंबाळं आहेत का असं विचारतायत. ते हसून जोरजोरात मान हलवत म्हणाले, "सी, सी! पापा!" म्हणजे हो, हो, मी बाबा आहे. मावशींनी थाळीत बटाट्याचा ढीग वाढला. काकांनी दोन बोटं दाखवून सांगितलं, "दोन! दोन मुलं!" मावशींनी आणखी दोन बटाटे वाढले!

कारण तिथे बटाट्याला 'पापा' म्हणतात. बाबांनाही पापाच, फक्त शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. घोटाळा कळला तेव्हा सगळं जेवणघर हसलं. काकांचे कान तापले. कुठेतरी लपून बसावं असं त्यांना वाटलं.

"पण मुलांनो," काका म्हणाले, "मावशी हसल्या आणि हसून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी सांगितलं, बटाटा. दुसऱ्या दिवशी मला लांबूनच पाहून त्या ओरडल्या, 'बटाटा!' मग मी रोज त्यांच्याच रांगेत उभा राहायला लागलो."

मी हळूच मागच्या बाकाकडे पाहिलं. आमची कलबुर्गीची मैत्रीण कान देऊन ऐकत होती.

बटाट्याचं माहेर

बटाट्याचं माहेर म्हणजे पेरू आणि बोलिव्हिया या देशांतला अँडीज पर्वत. सात-आठ हजार वर्षांपूर्वी तितिकाका सरोवराच्या आसपास माणसानं पहिल्यांदा बटाटा लावला असं शास्त्रज्ञ मानतात. 'पापा' हा शब्दही स्पॅनिश नव्हे. तो तिथल्या डोंगरातल्या लोकांच्या केचुआ भाषेतला. स्पॅनिश लोक आले, बटाटा पाहिला आणि शब्दही उचलला.

काका रविवारी बाजारात जायचे. तिथे बटाटे फक्त पिवळसर नव्हते. जांभळे, तांबडे, काळे, गाठागाठांचे, आल्यासारखे वेडेवाकडे! अँडीजमध्ये बटाट्याच्या हजारो जाती आहेत. त्या जपून ठेवायला १९७१ साली लीमात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र सुरू झालं. आणि डोंगरातले शेतकरी बटाट्याचं काय करतात ठाऊक आहे? कडाक्याच्या थंडीत रात्री उघड्यावर पसरतात. बटाटे गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं, पुन्हा वाळवायचे. असे बरेच दिवस. त्याचा होतो 'चुन्यो'. तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या आज्या उन्हाळ्यात वाळवणं घालतात, तशीच त्यांची ही थंडीतली वाळवणं.

भाजीवाली ओळखीच्या गिऱ्हाईकाला 'कासेरो' म्हणते. 'कासा' म्हणजे घर, तेव्हा कासेरो म्हणजे जणू घरचाच माणूस. मापून झालं की वर मूठभर घालते. आपण नाही का म्हणत, "मावशी, थोडी कोथिंबीर टाका की"? त्या वरच्या मुठीला तिथे 'यापा' म्हणतात. हा शब्दही केचुआच!

मी मध्येच विचारलं, "एकादशीला साबुदाण्याची खिचडी कोण कोण खातं?" सगळे हात वर. "मग ऐका. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. मिरचीही अमेरिका खंडातलीच. म्हणजे उपासाची सगळी थाळीच परदेशी पाहुण्यांची!" वर्ग चाट पडला. आणि 'बटाटा' हा शब्द? तो आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. चाकणच्या बाजारात पोत्यांनी येणारा आणि सातगाव पठारावर पिकणारा आपला बटाटाही नावासकट बाहेरून आलेला आहे.

रिक्षावाल्या काकांची आजी

आता जी गोष्ट सांगते, ती सांगताना काकांचा आवाज बदलला होता.

ते राहायचे लीमाच्या दक्षिणेला, व्हिया एल साल्वादोर नावाच्या वस्तीजवळ. १९७१ साली घर नसलेली हजारो कुटुंबं तिथल्या उघड्या वाळवंटात येऊन राहिली. बोरूच्या चटयांच्या भिंती, पाणी नाही, वीज नाही. पण लोकांनी मिळून रस्ते आखले, शाळा बांधल्या, लाकडी सामानाचे कारखाने काढले. १९८७ साली या वस्तीला स्पेनचा एक मोठा पुरस्कार मिळाला. आज तिथे सुमारे चार लाख लोक राहतात. तिथल्या बायका एकत्र येऊन मोठी स्वयंपाकघरं चालवतात आणि स्वस्तात जेवण देतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत तोही उपाशी जात नाही. ऐकताना मला आपलं पिंपरी-चिंचवड आठवलं. आपल्याकडेही कुणी मराठवाड्यातून आलं, कुणी खानदेशातून, कुणी कर्नाटकातून, कुणी बिहारमधून. सगळ्यांनी मिळूनच तर हे शहर उभं केलं.

काकांना रोज संध्याकाळी घरी सोडणारे तोरितोवाले त्याच वस्तीतले होते. वय पन्नाशीचं. ते मूळचे आयाकुचो या डोंगराळ भागातले. १९८० नंतर त्या भागात फार मोठी हिंसा झाली. हजारो माणसं मारली गेली आणि लाखोंना गाव सोडावं लागलं. हेही आठ वर्षांचे असताना आजीचं बोट धरून लीमाला आले आणि शाळेत जाऊ लागले. एकदा तहान लागली म्हणून त्यांनी बाईंकडे 'याकु' मागितलं. केचुआ भाषेत याकु म्हणजे पाणी. वर्ग हसला. तेव्हापासून मुलं त्यांना 'याकु' म्हणूनच हाक मारायची.

त्या दिवसापासून त्यांनी केचुआ बोलणं सोडलं. शाळेत तर सोडलंच, पण घरीही सोडलं. आजी केचुआत विचारायची आणि हे स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचे. आजीला तर स्पॅनिश येतच नव्हतं. हळूहळू घरातली बडबड थांबली.

"आजी आजारी पडली तेव्हा तिच्याजवळ बसलो होतो," तोरितोवाले म्हणाले होते, "तिला खूप काही सांगायचं होतं. पण मला आठवत होता एकच शब्द. याकु. तेवढं पाणी मी तिला पाजलं."

वर्गात कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

आम्ही आणि आपण

पुढे काय झालं ते सांगते. केचुआ ही काही लहानसहान भाषा नाही. २०१७ च्या जनगणनेत पेरूमधल्या ३७ लाखांहून जास्त लोकांनी तीच आपली मातृभाषा असल्याचं नोंदवलं. १९७५ साली सरकारनं तिला राजभाषेचा दर्जा दिला, पण तिला हसणारे काही लगेच थांबले नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीवर पहिल्यांदा केचुआमधून बातम्या सुरू झाल्या. तोरितोवाले काका त्या ऐकायला लागले. पन्नाशीत आल्यावर ते आजीची भाषा पुन्हा शिकतायत!

आणि त्या बातम्यांचं नाव काय ठेवलं माहीत आहे? 'न्युकान्चिक'. त्याचा अर्थ 'आपण'.

इंग्रजीत 'वुई' म्हटलं की आम्ही आणि आपण दोन्ही आलं. स्पॅनिशमध्येही एकच शब्द. पण मराठीत तसं नाही. "आम्ही सहलीला चाललोय" म्हटलं की तू नाहीस. "आपण सहलीला चाललोय" म्हटलं की तूसुद्धा! केचुआतही अगदी तस्संच आहे. 'न्युकायकु' म्हणजे आम्ही, आणि 'न्युकान्चिक' म्हणजे आपण. कुठे पुणे जिल्हा आणि कुठे अँडीज पर्वत! पण हा फरक त्यांनाही महत्त्वाचा वाटला आणि आपल्यालाही.

मग काकांनी सहज विचारलं, "तुमच्या वर्गात घरी वेगळी भाषा बोलणारं कुणी आहे का?"

कुणीच बोलेना. काकांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. मला माहीत होतं, ते टोपणनाव त्यानंच पाडलं होतं. थोड्या वेळानं तो उभा राहिला. बाबांकडे न बघता मागच्या बाकाकडे वळून म्हणाला, "तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?"

ती गप्प. सगळे गप्प. मग मीच म्हटलं, "मला पण शिकव गं. त्या दिवशी मलाही हसू आलं होतं. चुकलंच माझं."

ती उठली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "नीरु."

"नीर तर आपल्या कवितेत पण असतं!" कुणीतरी म्हणालं. मी फळ्यावर लिहायला लागले. नीरु. आलूगड्डे. मग मुलांना सांगितलं की आपण भाकरीवर घेतो ते तूप आणि घरातल्या माणसांना हाका मारायचे 'अण्णा' आणि 'अक्का' हे शब्द आपण कानडीकडूनच घेतलेत. मग काय विचारता! एक मुलगा म्हणाला, "आमच्या गावाकडे, नागपूरला, आलू म्हणतात." एकीनं गुजराती 'बटाका' सांगितला. गेल्या वर्षी केरळमधून आलेल्या मुलानं जे सांगितलं ते लिहिता लिहिता माझी तारांबळ उडाली! फळा भरला. सगळ्यात वर काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पापा'.

ते टोपणनाव एका दिवसात गेलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण आता रोज परिपाठाला ती आम्हाला एक कानडी शब्द शिकवते. माझा उच्चार चुकला की तोंडावर हात ठेवून हसते. आणि हसून झालं की पुन्हा नीट सांगते.

तर बालमित्रांनो, काकांसारखं पेरूला जायला आपल्याला कधी मिळेल कोण जाणे. तोवर मीना प्रभू यांचं 'दक्षिणरंग' हे दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाचं पुस्तक मिळालं तर घरातल्या मोठ्यांबरोबर जरूर वाचा. पण त्याआधी एक छोटासा प्रवास करा. त्याला ना तिकीट लागतं, ना विमान. तुमच्या वर्गात, तुमच्या चाळीत, सोसायटीत नवीन आलेलं कुणी असेल, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा,

"बटाट्याला तुमच्या घरी काय म्हणतात?"